जलसा : दहा हातांवरून ऐकलेलं गाणं

(इगतपुरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्र्यावर पाऊस वाजतोय. मागे बसलेल्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा, आम्ही आवाज वाढवू. वर्गात पस्तीस वर्षं तेच केलं. इगतपुरीच्या माणसाला पावसाचं काही सांगायला नको. आमचं लहानपण इथल्या रेल्वेच्या चाळीत गेलं, आणि चार महिने कपडे वाळायचे नाहीत हीच आमची पहिली आठवण आहे.

आयोजकांनी विषय दिला तो असा : मातीतलं संगीत, आणि त्याचे छोटे, जवळून ऐकायचे प्रयोग. हल्ली तरुण मंडळी त्याला 'रूट्स म्युझिक' म्हणतात. चार-पाच जणांचा बँड असतो, जुनी वाद्यं असतात, कुणाच्या तरी घराच्या गच्चीवर तीस-चाळीस माणसं जमतात, कलाकार आणि ऐकणारे यांच्यात दोन हातांचं अंतर. आमच्या नातवाने आम्हाला अशा एका कार्यक्रमाला पुण्यात नेलं होतं. छान झाला. पण परतताना आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हे जे नवं म्हणून सांगतायत, ते आपल्या नाशिक जिल्ह्यात नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. तेव्हा त्याला 'बँड' म्हणत नसत. त्याला 'जलसा' म्हणत. आणि ते छोटं होतं, जवळचं होतं, ते कुणी तसं आवडीने निवडलं म्हणून नव्हे. मोठ्या जागेत शिरायची परवानगी नव्हती म्हणून ते छोटं होतं.

आज त्या जलशाबद्दल बोलू. इतिहास सांगू, जलसा चालायचा कसा ते सांगू, आणि शेवटी आमच्या हातून झालेली एक चूकही सांगू. ती सांगायची म्हणूनच खरं तर आम्ही हे निमंत्रण स्वीकारलं.

मूळ म्हणजे काय?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करायची खोड आहे. 'मूळ' म्हटलं की आपल्याला वाटतं, जिथून सुरुवात झाली ते ठिकाण. मुळाकडे जायचं म्हणजे मागे जायचं. पण शेतकऱ्याला विचारा. मूळ ही मागची गोष्ट नाही, ती या क्षणी जमिनीखाली काम करत असते. पाणी कुठं आहे ते शोधत जाते. खडक लागला तर वळसा घालते. तेव्हा एखादं संगीत मुळाचं आहे की नाही हे ठरवताना, ते किती जुनं आहे हे विचारू नये. ते कुठून पाणी ओढतंय, हे विचारावं.

जलशाने पाणी ओढलं ते तमाशातून आणि शाहिरीतून. शाहिरीत 'भेदिक' नावाचा प्रकार होता. कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला, मायेला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. रात्रभर सवाल-जवाब. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. आमच्या पाठ्यपुस्तकात प्रकृती-पुरुषाचा वाद सांख्यकारिकेच्या पानावर होता, आणि इथं तोच वाद डफ-तुणतुण्यावर चावडीपुढे चालू होता. ज्यांना संस्कृत शिकायला बंदी, ती माणसं हा वाद घालत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. फुले स्वतः पोवाडे आणि अखंड रचणारे. त्यांच्या मागून सत्यशोधक कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यात आपला मजकूर भरला. हा सत्यशोधक जलसा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो गावोगाव फिरला. सावकार, भटजी, कर्ज काढून केलेली लग्नं, मुलांना शाळेत न घालणं, हे त्याचे विषय. तमाशात सुरुवातीला गण असतो, गणपतीचं स्तवन. सत्यशोधकांनी गण ठेवला, पण 'गणनायक' या शब्दाचा अर्थ फिरवला : गण म्हणजे लोक, आणि लोकांचा नायक तो गणनायक. साचा तसाच, आतला देव बदलला. आमच्या मते ही फार मोठी तात्त्विक हालचाल होती, आणि ती ढोलकीच्या तालावर झाली.

काळाराम मंदिराचा बंद दरवाजा

आता नाशिककडे येऊ. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, आणि जिल्ह्यात तो चालवण्याचा मोठा भार दादासाहेब गायकवाड यांच्यावर. हजारो माणसं गोदाकाठी जमली आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. हा लढा पाच वर्षं रेंगाळला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. येवला याच जिल्ह्यातलं.

पाच वर्षं लढा चालवायचा म्हणजे काय, याचा विचार करा. पुढारी एका दिवशी एका गावात. वर्तमानपत्र आहे, पण वाचणारे किती? निरोप गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोचवायचा कसा? नुसता निरोप नाही, त्यामागचा विचारही पोचवायचा. विहिरीवर का जायचं, मेलेलं ढोर ओढायचं का सोडायचं, पोरीला शाळेत का घालायचं. आणि हे ऐकणारा माणूस दिवसभर राबून आलेला.

या गरजेतून आंबेडकरी जलसा उभा राहिला. १९३० च्या दशकाच्या आरंभी नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक यांनी जी जलसा मंडळी बांधली, ती या परंपरेतली सगळ्यात गाजलेली. एक खुलासा इथंच करून टाकतो, कारण दर वेळी गोंधळ होतो. भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, दोघेही गाणारे. भीमराव हे आधीच्या पिढीचे, जलसाकार. वामनदादा नंतरचे, त्यांच्याकडे आपण येणारच आहोत. भीमरावांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवलं. ज्याने गाणं केलं त्यानेच त्या गाण्याचा इतिहास लिहावा, असं आपल्याकडे क्वचित घडतं. ज्यांना हा विषय पुढे न्यायचा आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी.

बाबासाहेबांनी म्हटल्याचं परंपरेत सांगतात की, आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा यांचं वजन सारखं आहे. ज्या माणसाने दोन परदेशी विद्यापीठांच्या डॉक्टरेट मिळवल्या, ज्याचा सगळा विश्वास ग्रंथांवर आणि युक्तिवादावर, तो माणूस असं का म्हणेल? या प्रश्नाचं उत्तर जलसा कसा चालायचा ते पाहिल्याशिवाय मिळत नाही.

जलसा चालायचा कसा

माणसं आठ-दहा. सगळी कष्टकरी. दिवसा मजुरी, रात्री जलसा. वाद्यं कोणती? ढोलकी, तुणतुणं, झांज, डफ, आणि परवडली तर पेटी. तुणतुणं म्हणजे काय ते आजच्या मुलांनी पाहिलेलं नसतं : लाकडाचं पोकळ नळकांडं, खालून कातडं मढवलेलं, त्यातून निघालेली एकच तार, ती बाजूच्या काठीला वर खुंटीशी बांधलेली. एका तारेचं वाद्य. राग त्यावर वाजत नाही, तो फक्त सूर धरून ठेवतो. आणि मागे झीलकरी. मुख्य शाहीर ओळ म्हणतो, झीलकरी ती उचलतात, ताणतात, वरच्या सुरात नेऊन ठेवतात. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळतो आणि पुढची ओळ सुचते.

इगतपुरीकरांना यासाठी उपमा शोधायला लांब जायला नको. कसाऱ्याहून गाडी घाट चढते तेव्हा मागून जादा इंजिनं लावतात, बँकर. सदतिसाला एक असा चढ आहे, पुढच्या इंजिनाने एकट्याने तो चढत नाही. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून या गावाचं पोट त्या चढावर चाललंय. झीलकरी म्हणजे बँकर. गाडीवर नाव पुढच्या इंजिनाचं, पण घाट चढतो तो मागच्यांच्या जोरावर.

मंच बहुतेक वेळा नसायचाच. वस्तीतलं पटांगण, चार बांबू, एक गॅसबत्ती. तिच्या उजेडाचं वर्तुळ जेवढं, तेवढंच नाट्यगृह. लोक तीन बाजूंनी बसणार, पोरं अगदी पुढे, गाणाऱ्याच्या पायाशी. बायका एका अंगाला. कडेचे लोक अंधारात. दहा हातांच्या अंतरावर सगळा मामला. पाऊस सरला, सुगी झाली की हंगाम सुरू. परिषद असली की तिथेही जलसा, म्हणजे सभेआधी माणसं जमवायला आणि सभेनंतर ऐकलेलं पक्कं करायला. मुंबईत तेच चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, कारण आपल्याकडची कितीतरी माणसं गिरणीत आणि गोदीत कामाला गेलेली. याच लोहमार्गाने माणसं खाली गेली आणि याच मार्गाने गाणी वर आली.

क्रम तमाशासारखा. आधी गण. मग गौळणीच्या जागी काहीतरी वेगळं, कारण गवळणींची छेडछाड दाखवायची नव्हती. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्याची खटकेबाज बोलणी. आणि शेवटी वग, म्हणजे एखादी कथा, रात्र सरेपर्यंत. बाईचं काम पुरुषच करायचे. पुढे, विशेषतः १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर, गणाच्या जागी बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं वंदन आलं.

आता पाहा, बतावणीत काय होतं. एक अडाणी गडी, एक शिकलेला. अडाणी विचारतो, देव जर सगळ्यांचा तर त्याला शिवल्यावर तो बाटतो कसा? बाटतो तर मग तो देव कसला? शिकलेला गोंधळतो, लोक हसतात. मघाशी भेदिकाचं बोललो, ते आठवा. सवाल-जवाबाची तीच रीत, तोच साचा. फक्त सवाल बदलला. ब्रह्म मोठं की माया, हे विचारणारी जीभ आता विचारू लागली, विहिरीचं पाणी कुणाचं? शेकडो वर्षं तत्त्वचर्चेची तालीम झालेलीच होती. जलशाने ती तालीम जमिनीवर उतरवली.

आणि इथं त्या दहा सभांच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. सभेत एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. पटलं तर टाळी. पण घरी गेल्यावर त्यातलं काय उरतं? जलशात प्रश्न समोर उभा राहतो, ऐकणारा मनात उत्तर देतो, बाजूचा हसतो, आणि ध्रुपद सगळे मिळून म्हणतात. सकाळी विहिरीवर जाताना ते ध्रुपद ओठावर असतं. सभेने विचार पटतो. जलशाने तो उच्चारता येतो. ज्या माणसाला मान खाली घालून बोलायची सवय लावली गेलीय, त्याच्यासाठी उच्चारता येणं ही पहिली मोकळीक असते.

ज्या वाद्याने राबवलं, तेच वाद्य हातात?

इथं एक खरीखुरी अडचण आहे, ती लपवू नये.

डफ, हलगी, ढोलकी ही वाद्यं दलितांच्या हाती आली ती हौस म्हणून नाही. गावच्या लग्नात, मिरवणुकीत, मरणात वाजवायचं हे जातीने लादलेलं काम होतं. तमाशाची कला ज्या जातींनी सांभाळली, त्यांच्याच बायकांना त्या तमाशाने बदनामी दिली. मग जी चळवळ सांगते की गावकीची कामं सोडा, तिने तमाशाचाच साचा का घ्यावा?

पठ्ठे बापूरावांची हकीकत पुष्कळांना माहीत असेल. जातीने ब्राह्मण, मूळचे श्रीधर कुलकर्णी, लावणी आणि तमाशासाठी घरदार सोडलं. त्यांच्या फडातली पवळा ही महार समाजातली, त्या काळातली सर्वांत गाजलेली कलावंतीण. असं सांगतात की बापूरावांनी तमाशाच्या खेळाचं उत्पन्न बाबासाहेबांच्या लढ्याला देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या आयाबहिणींना नाचवून मिळवलेला पैसा नको, हा त्यामागचा भाव. पण तेच बाबासाहेब जलशाला शाबासकी देतात. ही विसंगती आहे का?

आम्हाला तसं वाटत नाही. दोन्हीकडे ढोलकी तीच, तुणतुणं तेच. फरक कशात आहे? तमाशात कलावंत कुणासमोर उभा असतो? पैसे फेकणाऱ्यासमोर. जलशात तो आपल्याच माणसांसमोर उभा असतो. तिथं कुणी विकत घेणारा नसतो. वाद्य लादलेलं होतं हे खरं, पण ते कुणासाठी वाजवायचं हे ज्या दिवशी वाजवणाऱ्याने ठरवलं, त्या दिवशी ते वाद्य त्याचं झालं. तरीही आम्ही म्हणू की अडचण पूर्ण सुटत नाही. जलशाने बायकांना नाचवलं नाही, ते ठीकच केलं. पण मग तिथं बाई गाणारी म्हणून तरी कुठं होती? ऐकणाऱ्यांत होती. दळताना तीच गाणी जात्यावर म्हणत होती. गॅसबत्तीच्या उजेडात यायला तिला आणखी पुष्कळ वर्षं लागली. मोठ्या गोष्टीचं कौतुक करताना तिची उणीवही मांडावी, नाहीतर ते नुसतं गुणगान होतं.

वामनदादा

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. इथून फार लांब नाही. गरिबीने मुंबईला नेलं. गिरणीत काम, मिळेल ते कष्टाचं काम. अक्षरओळख नव्हती. ते सांगायचे ती गोष्ट अशी : कुणीतरी एक पत्र वाचून द्या म्हणून त्यांच्याकडे आलं. यांना वाचता येत नव्हतं. त्याची इतकी लाज वाटली की त्यांनी मोठेपणी अक्षरं गिरवायला घेतली, आणि दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. हाच माणूस पुढे हजारो गाणी लिहितो. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर.

चालीबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण आमच्यासारखी शिकलेली माणसं इथंच नाक मुरडतात. सिनेमाची चाल घेतली, म्हणजे उसनं काम, असं आम्हीही कधीकाळी म्हणत होतो. पण त्यामागचं गणित समजून घ्या. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली आहे. ती शिकवायला वेळ जात नाही. सगळं लक्ष शब्दाकडे जातं. दुसऱ्या कडव्याला लोक बरोबर म्हणू लागतात. छापखाना नाही, ध्वनिमुद्रण नाही, अशा स्थितीत एका रात्रीत दोनशे माणसांना गाणं पाठ करायचं असेल तर याहून चांगला उपाय कोणता? आणि वामनदादांच्या अनेक रचना तर स्वतंत्र चालीच्या, अस्सल मराठी ठेक्याच्या आहेत.

त्यांच्या काळात जलशाचं रूप पालटलं. वग मागे पडला, गायन पार्टी पुढे आली. पेटी, ढोलक, बेंजो, आणि दोन गायक. पण जवळीक तीच राहिली. वामनदादा गावोगाव फिरायचे, कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम, मिळेल ती भाकरी. गाणी छोट्या पुस्तिकांतून विकली जायची. 'वाटचाल' हा त्यांचा गीतसंग्रह १९७३ सालचा. १९९३ साली वर्ध्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १५ मे २००४ रोजी ते गेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणापासून साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास, आणि त्यासाठी त्यांनी ना आपला श्रोता बदलला ना आपली भाषा.

जगात इतरत्र

अमेरिकेत काय घडलं, तेही थोडक्यात पाहू. १९६२ साली जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या चळवळीतून चार तरुण गायकांचा एक गट निघाला, 'फ्रीडम सिंगर्स'. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली जुनी भजनं घ्यायची, त्यातला स्वर्गाचा रस्ता काढायचा आणि तिथं मतदानाच्या हक्काचा रस्ता घालायचा. वाद्यं जवळजवळ नाहीतच, नुसते आवाज आणि टाळ्या. एका मोटारीतून देशभर फिरले, कधी सभागृहात, कधी कुणाच्या दिवाणखान्यात. जगभर त्यांच्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट आहेत. त्यांच्या तीस वर्षं आधी आपल्या जिल्ह्यात तेच झालं. साचा देवाचा, मजकूर माणसाचा. मंडळी थोडी, अंतर दहा हात. कुणी कुणाचं पाहून केलं नाही. सारख्या दुःखाला सारखी वाट सापडली.

आपल्याकडेही धागा तुटला नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यांनी गाजवला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत स्वतःचं जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ सालचा चित्रपट तिथून सुरू होतो. तो पाहा, त्यात वस्तीतली गाणी वस्तीतच ऐकायला मिळतात. संभाजी भगत आजही गात आहेत.

आमची गोष्ट

आता ती चूक.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. म्हणजे १९६० च्या आगेमागे. वडील रेल्वेत होते. रुळांच्या पलीकडे वस्ती होती, तिथं खलाशी, गँगमन राहायचे. एप्रिलमध्ये, जयंतीच्या रात्री, तिकडून ढोलकी ऐकू यायची. घरातून सक्त ताकीद होती, तिकडे जायचं नाही. आम्ही गेलो. चपला हातात घेऊन, रूळ ओलांडून. गॅसबत्तीच्या उजेडाबाहेर, अंधारात उभे राहिलो. एका बाईने आम्हाला पाहिलं. साहेबाचं पोर आहे हे तिने ओळखलं असणार. ती काही बोलली नाही. फक्त थोडी सरकली आणि चटईचा कोपरा मोकळा केला. आम्ही बसलो नाही. उभ्यानेच ऐकलं आणि पळत घरी आलो. आजीने मोरीत नेऊन अंगावर पाणी ओतलं.

हे झालं लहानपणी. मुलाचं काय, त्याला कळत नव्हतं असं म्हणून सोडून देता येईल. पुढचं सोडून देता येत नाही.

१९८० च्या दशकात आम्ही तत्त्वज्ञान विभागात शिकवत होतो. प्रबंध करायला एक विद्यार्थी आला. सिन्नरकडचा. म्हणाला, सर, मला वामनदादांच्या गाण्यातल्या बुद्धविचारावर काम करायचंय. आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, हा विषय चांगला आहे, पण तो लोकसाहित्याचा आहे, तत्त्वज्ञानाचा नाही. तू मराठी विभागात विचार. तो 'बरं सर' म्हणाला आणि गेला. परत आला नाही. मराठी विभागातही गेला नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

त्याच वर्षी आम्ही सॉक्रेटिस शिकवत होतो. वर्गाला मोठ्या आवेशात सांगत होतो की, सॉक्रेटिसने एक ओळ लिहिली नाही, तो बाजारात उभा राहून चांभाराला, सुताराला प्रश्न विचारायचा, आणि तिथं पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची पायाभरणी झाली. अथेन्सच्या बाजारातला प्रश्न आम्हाला तत्त्वज्ञान वाटला. आमच्याच जिल्ह्यातल्या पटांगणातला प्रश्न आम्हाला लोकसाहित्य वाटला. त्या मुलाला आम्ही नकार दिला तेव्हा आमच्या मनात जातीचा विचारही नव्हता, असं आम्ही बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तसं सांगत नाही. आजीने जे पाणी ओतलं, ते कोरडं व्हायला आमच्या अंगावर बराच काळ गेला.

म्हणून या 'जवळून ऐकायच्या प्रयोगां'बद्दल आम्हाला एवढंच म्हणायचं आहे. जवळ बसल्याने जवळीक येत नाही. आम्ही दहा हातांवर उभे होतो आणि फार लांब होतो. ती बाई आम्हाला ओळखतही नव्हती, आणि तिने जागा केली. जवळीक तिच्याकडून आली. जलसा छोटा होता, पण त्याची चटई मोठी होती.

आजची स्थिती काय आहे? जयंतीला भिंतीएवढे ध्वनिक्षेपक लागतात, छातीत धडधड होते, शब्द ऐकू येत नाही. तरुणांना नाचायचा आनंद मिळतो, तो मिळू द्यावा, त्यांना कमी आनंद मिळालेत. पण बतावणीतला तो सवाल त्या आवाजात विचारता येत नाही. सवालाला शांतता लागते, आणि समोरचा चेहरा दिसावा लागतो. या गावात टेकडीवर १९७६ पासून धम्मगिरी आहे, तिथं जगभरातली माणसं दहा दिवस मौन धरून बुद्धाचा मार्ग शोधतात. खाली वस्तीत तोच बुद्ध ढोलकीवर गायला जात होता. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पहिली टिकेल, तिची व्यवस्था नीट लागलेली आहे. दुसरीची काळजी आपण घ्यायची आहे.

ती कशी घ्यायची? इथं बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी गाण्यांच्या जुन्या पुस्तिका असतील, टाचण्या गंजलेल्या. फेकू नका. ज्या आजोबांना, आजींना जलशातली गाणी येतात त्यांच्यासमोर तुमचा मोबाइल ठेवा आणि म्हणायला सांगा. चाल कुठली, कुणी शिकवली, कुठं ऐकली, हेही विचारून घ्या. आणि शिक्षक असाल, एखादा विद्यार्थी असा विषय घेऊन आलाच, तर 'हा आमचा विषय नाही' असं म्हणण्याआधी एक दिवस थांबा.

तो विद्यार्थी आता साठीचा असेल. ही मालिका कुठंकुठं ऐकली जाते म्हणतात. त्याच्या कानावर हे गेलं तर बरं होईल. त्याचा विषय तत्त्वज्ञानाचाच होता.

पाऊस थांबलेला दिसतोय.  प्रश्न असतील तर विचारा. जवळ येऊन विचारलेत तर अधिक बरं, कानाने आता थोडं कमी ऐकू येतं.